नवीन मूल येतं तेव्हा वहीत काय लिहायचं

माझी आई डोंबिवलीत अजूनही लोकांना सांगते, "आमची थोरली तिकडे लंडनला पाळणाघर चालवते." मी राहते लंडनजवळच्या रेडिंगला आणि इथे इंग्लंडमध्ये मला चाइल्डमाइंडर म्हणतात, पण आईचं फारसं चुकत नाही. काम तेच. इथे त्यासाठी ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे, किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी लागते, पाच वर्षांखालची मुलं एका वेळी साधारणपणे तीनच घेता येतात, त्यातही वर्षाच्या आतलं एकच. आणि मूल आलं की ते आत्ता कुठवर आलंय हे ओळखून पुढचं ठरवायचं असतं. या 'कुठवर'ला इथे स्टार्टिंग पॉइंट म्हणतात.

गेल्या वर्षभरात तिघीचौघींनी फोन करून हेच विचारलं. ताई, कोर्स झाला, नोंदणी झाली, पहिलं मूल सोमवारी येतंय, त्याचं असेसमेंट कसं करू? दर वेळी तासभर बोलणं होतं आणि गॅसवरचं दूध उतू जातं. म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी धास्ती घालवा. लहान मुलांसाठीची जी सरकारी चौकट आहे, ईवायएफएस, तिच्यात स्टार्टिंग पॉइंटचा ठरावीक फॉर्म नाही. जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडरांसाठी वेगळी पुस्तिका निघाली आहे, तीच वाचा, नर्सरीवाल्यांची नको. मुलाकडे लक्ष देऊन त्याला ओळखा आणि त्यापायी कागदांचा ढीग रचू नका, असं ती सांगते. माझ्याकडे तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "हा आला तेव्हा काय करायचा, आता काय करतो, मधे तुम्ही काय केलंत?" मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. नेटवर विकत मिळणारे बारा पानी तक्ते घेऊ नका. मी घेतले होते, मागच्या कोऱ्या बाजूवर मुलं अजून चित्रं काढतात.

आणि परीक्षा घेऊ नका. पहिल्या वर्षी माझ्याकडे एकोणीस महिन्यांची मुलगी आली. आई जाऊन दहा मिनिटं झाली असतील, मी तिच्यापुढे ठोकळे मांडले आणि म्हटलं, लाल कुठला, दाखव. तिने एक लांबट ठोकळा उचलला, टीव्हीच्या कपाटाखालच्या फटीत सारायला गेली, तो उभा होता म्हणून अडला, मग आडवा करून आत ढकलला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी वहीत लिहिलं, 'रंग ओळखत नाही.' त्या वहीतलं हे पान मी मुद्दाम ठेवलंय. फट तिच्या नजरेला पडली, ठोकळा फिरवला तर बसेल हे तिला कळलं, आणि हे केल्यावर ही नवी बाई काय म्हणते हेही तिला बघायचं होतं. लिहायचं ते सगळं समोर घडलं होतं आणि मी रंग विचारत बसले होते.

आई-बाबांशी बोलणं

मूल यायच्या आधी अर्धा तास, शक्यतो त्यांच्या घरी किंवा तुमच्याकडे चहावर. फोनवर नको. ॲलर्जी आणि खाण्याचं पथ्य पहिल्या दिवसाच्या आधी विचारून घ्यायचंच असतं, तिथे सवलत नाही. लाल पुस्तक, म्हणजे बाळाची आरोग्यनोंद, आणायला सांगा. मूल वेळेआधी जन्मलं होतं का तेही विचारा. दोन महिने लवकर आलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ते दोन महिने वजा करून धरतात.

बाकी प्रश्न कसे विचारता यावर सगळं आहे. "बोलतो का?" म्हटलं की उत्तर येतं, "हो, खूप!" यातून काय कळलं? त्याऐवजी विचारा, तहान लागली की काय करतो? एक मूल आईचा हात धरून फ्रिजपाशी नेतं. एक भांड्याकडे बोट दाखवतं. एक "पानी" म्हणतं. आणि एक काहीच करत नाही, कारण तहान लागायच्या आत आजी पेला घेऊन हजर असते. चारही मुलं दोन वर्षांची असू शकतात. मी आणखी विचारते: काल रात्रीचं जेवण कसं झालं, पहिल्यापासून सांगा. झोपवताना थोपटावं लागतं का, हातात काय लागतं? रडला तर कोणाकडे जातो? मिक्सरला, व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतो का? शी-शूसाठी घरात कुठला शब्द आहे? हा शेवटचा प्रश्न विसरलात तर गालिचा धुवायची तयारी ठेवा.

आपली मंडळी थोडं चढवून सांगतात. एबीसीडी येतं, शंभरपर्यंत आकडे येतात, रंग सगळे इंग्लिशमध्ये. इथल्या गोऱ्या घरांत बहुतेकदा उलटं, "अहो, जरा मागेच आहे हा," आणि मूल येतं ते स्वतः बूट घालून. दोन्ही ऐकून घ्या, खोडू नका. ते जे सांगतात ते त्यांच्या घरात खरंच असतं. मराठी, गुजराती, तमिळ घरांतलं अडीच वर्षांचं मूल चमचा धरत नाही असं दिसलं तर 'येत नाही' असं लिहू नका. 'घरी आजी भरवते, चमचा अजून हातात दिलेला नाही' असं लिहा. अशी मुलं आठवड्याभरात चमचा धरतात, आठवडाभर वरण भिंतीवर जातं एवढंच.

घरची भाषा

चौकटीत स्पष्ट आहे की मुलाचं इंग्लिश कच्चं असेल तर घरच्या भाषेत त्याला किती येतं हे पालकांकडून जाणून घ्यायचं. हे मला नियम वाचून नाही, एका पोलिश घरातल्या मुलामुळे पटलं. बावीस महिन्यांचा होता. दुपारी दूध झालं की रिकामा कप पुढे करायचा आणि म्हणायचा, "न्येमा." पहिल्या दिवसापासून. मी मराठी बाई, मला त्यातलं 'मा' ऐकू आलं. वाटलं, आईची आठवण काढतोय. मी त्याला उचलून घ्यायची, खिडकीशी न्यायची, "मम्मी येईल हं पाच वाजता." तो माझ्या खांद्यावरून कपाकडे बघत राहायचा. तीन आठवड्यांनी आईला सहज म्हटलं, फार आठवण काढतो हो तुमची. तिने शब्द ऐकला आणि दारातच हसत सुटली. 'न्ये मा' म्हणजे 'नाही, संपलं'. पोरगं तीन आठवडे मला सांगत होतं की दूध संपलंय, आणखी दे. माझ्या वहीत मात्र होतं, 'अर्थपूर्ण शब्द अजून नाहीत, दुपारी अस्वस्थ.'

आपलं मूल एखाद्या इंग्लिश बाईकडे गेलं आणि "मम्मं" म्हणून पाणी मागू लागलं तर तिचंही असंच होणार. तेव्हापासून मी प्रत्येक घराकडून दहा शब्द लिहून घेते, उच्चारासकट: पाणी, दूध, हवं, नको, संपलं, दुखतंय, आई, झोप, शी, शू. मराठी घर असलं तरी. कारण एका घरात 'भू' म्हणजे पाणी असतं आणि दुसऱ्या घरात कुत्रा. कागद फ्रिजवर लावते. शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. आणि नवीन भाषेत शिरलेलं मूल सुरुवातीला बरेच दिवस गप्प राहू शकतं. त्या काळात त्याला किती समजतंय ते बघा. "बूट आण" म्हटल्यावर, हाताने खूण न करता, बूट आणतो का?

मोज्यांची टोपली

मूल आईबरोबर तासभर पहिल्यांदा येतं तेव्हा मी जमिनीवर बसून धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावते. मुलाकडे बघायचंही नाही. थोड्या वेळाने ते सरकत जवळ येतंच. दहा महिन्यांचं असेल तर मोजा तोंडात. दीड वर्षाचं असेल तर टोपलीतून बाहेर, परत टोपलीत, पुन्हा बाहेर. कुणी पायात घालायला बघतं, कुणी डोक्यावर घालून आईकडे वळतं. कुणी दुसरा सारखा मोजा शोधतं, कुणी मोठा काळा उचलून "बाबा" म्हणतं. एका टोपलीत बोटांची पकड, नक्कल, जोड्या, शब्द, गंमत दाखवण्याची हौस, सगळं येतं. मी स्वतः सगळ्यात जास्त बघते ते हे, की सापडलेली गोष्ट मूल कुणाला दाखवतं का. वस्तूकडे बघतं, मग माणसाकडे, परत वस्तूकडे.

असे दोन-तीन तास वेगवेगळ्या दिवशी झाले की मग एकटं ठेवून घ्या. पहिला आठवडा वहीत फक्त खाणं, झोप, रडणं आणि कशाने शांत झालं हे लिहा. रडणाऱ्या मुलाला काय येतं ते कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरं मूल दिसायला लागतं. रोज एक-दोन ओळी पुरेत, पण जसं घडलं तसं. 'छान खेळली' या शेऱ्याचा कुणाला उपयोग नाही. माझी एक नोंद अशी आहे: 'मंगळवार. चाळणीने टबमधलं पाणी उचलायचा प्रयत्न, चार वेळा. खालून हात लावून बघितला. मग कप घेतला. "गॉन" म्हणाली. मी मदत केली नाही.' शेवटचं वाक्य विसरू नका. मदत किती लागली, हे पुढे सगळ्यात कामाला येतं.

एक पान

तीन आठवड्यांनी रविवारी रात्री सगळ्या चिठ्ठ्या समोर घेऊन एक पान लिहा. चौकटीत शिकण्याची सात क्षेत्रं आहेत, पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी मूळ तीनच धरते: बोलणं आणि समजणं, शरीर आणि हातपाय, माणसांत रमणं आणि स्वतःला सावरणं. बाकीची चार मोज्यांसारखी आपोआप सापडतात. प्रत्येकाखाली तीन-चार ओळी: आई-बाबांनी काय सांगितलं, मी काय पाहिलं, पुढे काय देणार. सरकारचं डेव्हलपमेंट मॅटर्स, म्हणजे कुठल्या वयात साधारण काय येतं ते सांगणारं मार्गदर्शक, शेजारी उघडं ठेवायला हरकत नाही, पण त्यावर टिकमार्क करत बसू नका. ते त्यासाठी लिहिलेलंच नाही.

'पुढे काय देणार' एवढं लहान लिहा की बुधवारी करता येईल. 'भाषाविकासास चालना' हे मीही लिहिलंय आणि बुधवारी काय करायचं ते मला कळलं नाही. त्या पोलिश मुलाच्या पानावर शेवटी असं होतं: 'दूध संपलं की मी "न्ये मा, ऑल गॉन" दोन्ही म्हणायचं. कप अर्धाच भरायचा, म्हणजे मागायची संधी मिळेल.'

मूल दोन ते तीन वर्षांच्या मधे असताना त्याच्या प्रगतीची छोटी लेखी नोंद पालकांना द्यावीच लागते, तीही याच तीन क्षेत्रांवर. तेव्हा हे पान हाताशी असलं की अर्धं काम झालेलं असतं.

काही खटकलं तर? दीड वर्ष उलटूनही बोट दाखवत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, येत असलेले शब्द गेले, असं दिसलं तर 'बघू अजून दोन महिने' म्हणू नका आणि रोगाचं नावही तोंडातून काढू नका, ते आपलं काम नाही. जे पाहिलं ते तारखेसकट पालकांना शांतपणे दाखवा आणि हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांची तब्येत बघणारी नर्स) किंवा जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायला सांगा. कानाची तपासणी आधी करून घ्या म्हणावं. सारखी सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे द्रव साचतो, त्यांना सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं आणि ती हट्टी वाटतात. हे बोलणं दारात, बूट घालताना करायचं नाही. वेळ ठरवून, मूल झोपलं की.

पान पालकांना वाचायला द्या आणि त्यांना त्यावर पेनने लिहू द्या. माझ्या नीट टाइप केलेल्या पानावर एका बाबांनी कडेला लिहिलं होतं, 'घरी हे सगळं करतो, पण फक्त आंघोळीच्या वेळी.' दुसऱ्या दिवसापासून मी बागेत टब मांडला. मूल काही दिवस नर्सरीतही जात असेल तर पालकांना विचारून त्यांनाही एक प्रत पाठवा. आणि मोजे कपाटात ठेवू नका, सोमवारी लागतील.