श्वानचित्रांचा संग्रह सुरू करताना

कुत्र्यांची चित्रे जमवू इच्छिणाऱ्याने पैसे खर्च करण्यापूर्वी काही महिने केवळ चित्रे पाहण्यात घालवावेत, आणि पाहताना एकच प्रश्न मनाशी धरावा: चित्रकाराने समोरच्या त्या एका कुत्र्याला निरखले आहे, की पाठ झालेला आकार काढला आहे? याचे उत्तर डोळ्यांत शोधू नये, कारण ओलसर, करुण डोळे रंगवणे सवयीने साधते. त्याऐवजी खांदा, पुढच्या पायाचे कोपर, पंजा जमिनीला टेकतो ती जागा आणि मानेवर केसांची दिशा बदलते तो भाग पाहावा. घोड्यांचे शवविच्छेदन करून शरीररचना शिकलेल्या जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) यांच्या कुत्र्यांतही कातडीखालची हाडे जाणवतात. पंधराव्या लुईच्या शिकारी कुत्र्यांची चित्रे काढणाऱ्या ज्याँ-बातिस्त उद्री यांनी तर काही चित्रांत कुत्र्यांची नावेही लिहिली; राजाप्रमाणेच त्याच्या कुत्र्याचेही व्यक्तिचित्र असू शकते, ही जाण मला फार मोलाची वाटते. प्रादो संग्रहालयातील व्हेलास्केथ यांच्या १६५६ च्या ‘लास मेनिनास’मध्ये पुढ्यात पहुडलेला मोठा कुत्रा पाहिला, तर दुय्यम जागीही किती निरीक्षण मावते ते कळेल.

नजर तयार झाल्यावर संग्रहाचा विषय आखून घ्यावा. शिकारीची दृश्ये, घरातील सोबती आणि विशिष्ट जातीच्या कुत्र्यांची व्यक्तिचित्रे हे ढोबळ विभाग पुरेसे आहेत. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसलला श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची स्थापना झाली. त्या काळात वंशावळ आणि ठरावीक लक्षणे यांना महत्त्व आले, आणि बक्षीसपात्र कुत्र्यांची चित्रे काढून घेण्याची चाल वाढली. अशा चित्रांत जातीची ठेवण काळाचा पुरावा ठरते. आजच्या बुल टेरियरचे अंडाकृती, उतरते डोके विसाव्या शतकात घडत गेले. तेव्हा तसे डोके असलेले चित्र कोणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे म्हणून पुढे केले, तर तिथेच थांबावे.

नवख्या संग्राहकाची सर्वाधिक फसगत एडविन लँडसीअर (१८०२–१८७३) यांच्या नावावर होऊ शकते. त्यांची कुत्र्यांची चित्रे इतकी लोकप्रिय होती की काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंड कुत्र्यांना त्यांचेच नाव मिळाले. भाऊ थॉमस आणि इतर कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांनी या चित्रांचे ठसे कोरले व त्यांच्या छापील प्रती दूरवर पोहोचल्या. शिवाय हौशी आणि धंदेवाईक चित्रकारांनी तैलरंगात नकला केल्या. म्हणून ओळखीची रचना दिसताच मूळ चित्र आज कुठे आहे हे आधी शोधावे. ‘द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर’ (१८३७) लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तेव्हा विक्रीला आलेले त्याच रचनेचे तैलचित्र बहुधा नक्कलच असणार. छापील प्रत असेल तर भिंगातून पाहावी: सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांचे जाळे दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई आहे, हाताने कोरलेल्या ठशाची प्रत नव्हे. छापताना कोरलेल्या धातूच्या पत्र्याच्या दाबाने कागदावर उठलेली चौकोनी खूण आधार देते, पण ती नकली उमटवता येते आणि कडा कापल्यास नाहीशीही होते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. चांगली जुनी मुद्राचित्र-प्रत जाणूनबुजून घेणे यात काहीच कमीपणा नाही; बेताच्या खर्चात संग्रह सुरू करणाऱ्याला मी तेच सुचवेन.

लिलावाच्या सूचीतील शब्द नीट वाचावेत. चित्रकाराचे पूर्ण नाव, ‘त्याचे मानले जाणारे’, ‘त्याच्या वर्तुळातील’, ‘त्याच्या शैलीतील’ आणि ‘त्याच्यावरून’ (म्हणजे त्याच्या चित्राची नक्कल) या प्रत्येक उल्लेखाबरोबर खात्री कमी होत जाते आणि किंमतही. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क चढते, ते आधीच हिशेबात धरावे.

खरेदीपूर्वी स्थितीचा लेखी अहवाल मागावा. अतिनील दिव्याखाली जुने नैसर्गिक वॉर्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर केलेली डागडुजी गडद दिसते. पार्श्वभूमीतील दुरुस्ती चालू शकते, पण डोके किंवा पंजे नव्याने रंगवलेले असतील तर ते चित्र सोडून द्यावे. कागदावरील कामाला आम्लरहित पुठ्ठा वापरावा आणि ते थेट उन्हापासून दूर टांगावे. कॅनव्हासच्या मागील चिठ्ठ्या, शिक्के आणि हस्ताक्षरातील नोंदी यांची छायाचित्रे काढून ठेवावीत व चौकट बदलताना त्या काढून टाकू नयेत, कारण कुत्र्याचे आणि मालकाचे नाव पुष्कळदा तेवढ्यावरूनच कळते.