क्रूझवरची केबिन: नंबर ठरवण्याआधी वरचा आणि खालचा डेक पाहा

क्रूझचं बुकिंग करताना आतली केबिन घ्यायची, खिडकीची की बाल्कनीची, यावर भरपूर खल होतो. नंबर मात्र वेबसाइट पुढे करील तो घेतला जातो. एकाच प्रकारच्या दोन केबिन आतून हुबेहूब सारख्या असतात. पलंग तोच, कपाट तेच, बाथरूम तेच. तरीही एकीत निवांत झोप लागते आणि दुसरीत उजाडायच्या आत डोक्यावर खुर्च्या सरकायला लागतात. आमचं मत स्पष्ट आहे: वाईट जागेच्या बाल्कनीपेक्षा चांगल्या जागेची आतली केबिन बरी. समुद्र बघायला सगळं जहाज मोकळं असतं, झोपायला मात्र तीच एक खोली.

नकाशा कसा वाचायचा

नेमक्या त्याच जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, उघडा. एकाच मालिकेतल्या दोन जहाजांतही फरक असतो, आणि डागडुजीनंतर रचना बदलते, म्हणून ताजा नकाशाच घ्या. निमुळतं टोक ती पुढची बाजू. केबिनच्या नंबरातले पहिले एक-दोन आकडे बहुधा डेकचे असतात. उरलेले आकडे बऱ्याच जहाजांवर पुढून मागे वाढत जातात. सम-विषम आकड्यांवरून डावी-उजवी बाजू कळते, पण सम कुठे आणि विषम कुठे हे सगळीकडे सारखं नसतं, तेव्हा नकाशाच प्रमाण माना.

आता खरं काम. तुमच्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते शोधा. नुसत्या अंदाजाने इथे हमखास चूक होते, कारण प्रत्येक डेकचं चित्र थोडं वेगळं काढलेलं असतं. लिफ्ट आणि जिने सगळ्या डेकमधून सरळ उभे जातात. त्यांना खूण धरा: लिफ्टपासून आपली केबिन किती दारं पुढे किंवा मागे आहे ते मोजा आणि वरच्या-खालच्या डेकवर तेवढंच अंतर धरा.

वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे डेक धुतला जातो आणि आरामखुर्च्या मांडल्या जातात. त्यांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज थेट खाली येतो. बुफे असेल तर ढकलगाड्यांची चाकं ऐकू येतात, जिम असेल तर आपटलेली वजनं. पळण्याचा ट्रॅक आणि बास्केटबॉलचं कोर्टही याच यादीतलं. खाली थिएटर, डिस्को किंवा बार असेल तर शब्द ऐकू येत नाहीत, पण ढोलासारखा खालचा ठोका पोलादातून वर चढतो, आणि त्याला कानात बोळे घालूनही फारसा उपाय नाही. यातला वेळेचा फरक लक्षात घ्या. थिएटरचा त्रास रात्रीचा, पूलचा पहाटेचा. उशिरापर्यंत जागणाऱ्याला खालचं थिएटर चालून जाईल, वरचा पूल चालणार नाही. लहान मुलांना लवकर झोपवायचं असेल तर नेमकं उलट.

नकाशात काहीही न लिहिलेली कोरी जागा दिसली तर सावध व्हा. ती रिकामी नसते. तिथे कर्मचाऱ्यांचा जिना, भांडी ठेवायची खोली, लाँड्री किंवा स्वयंपाकघराचा भाग असू शकतो, आणि तिथलं काम रात्रीही चालतं. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे जिच्या वरही केबिन आणि खालीही केबिन. पूलला किंवा जेवायला जाताना दोन-तीन डेक जास्त चढावे-उतरावे लागतील, एवढीच त्याची किंमत.

बोट लागत असेल तर

जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. एकात पुढचं आणि मागचं टोक आळीपाळीने वर-खाली होतं, दुसऱ्यात जहाज डावी-उजवीकडे डुलतं. सी-सॉ आठवा: मध्यावर बसलेला जेमतेम हलतो, टोकावरचा उंच जातो. जहाज ३०० मीटर लांब असेल तर मध्यापासून टोक साधारण १५० मीटरवर येतं. जहाज फक्त १ अंशाने कललं तरी ते टोक अडीच मीटरहून जास्त वर जातं, आणि मग तितकंच खाली येतं. मधल्या केबिनला यातलं फारसं काही कळत नाही.

डुलण्याचा हिशेब उंचीवर असतो. जहाज साधारण पाण्याच्या पातळीजवळच्या अक्षाभोवती डुलतं. २ अंशांच्या डुलण्यात त्या अक्षापासून ५ मीटर उंचीवरची केबिन सुमारे १७ सेंटिमीटर सरकते, ३० मीटर उंचीवरची एक मीटरहून जास्त. सगळ्यात वरचे डेक महाग असतात, म्हणून तिथे जास्त आराम मिळेल असं वाटतं. हलण्याच्या बाबतीत ते खरं नाही.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डुलणं बरंच कमी करतात, पण टोकांचं वर-खाली होणं थांबवू शकत नाहीत. शिवाय ते वाहत्या पाण्याच्या जोरावर काम करतात, त्यामुळे जहाज हळू चालत असताना त्यांचा उपयोग घटतो. म्हणून बोट लागणाऱ्याने मध्यभागातली, खालच्या डेकवरची आणि शक्य असेल तर खिडकीची केबिन घ्यावी. खिडकी का? कानातल्या तोलाच्या इंद्रियाला हालचाल कळते, पण बंद खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, आणि या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते. क्षितिज दिसलं की दोघांचा मेळ बसतो.

दोन्ही टोकं

पुढच्या टोकाला खालच्या डेकवर नांगराची साखळी आणि बो थ्रस्टर असतात. बंदरात शिरताना थ्रस्टर जहाज बाजूला ढकलतात तेव्हा भिंती घरघरतात, आणि जहाजं बंदरात बहुधा सकाळी लवकर शिरतात. खवळलेल्या समुद्रात पुढचा भाग लाटेवर आपटतो, तो धक्काही इथेच जाणवतो. थेट समोर पाहणाऱ्या केबिनचं दृश्य देखणं असतं. मात्र रात्री तिथले पडदे बंद ठेवायला सांगतात, कारण त्या उजेडाने ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतून, अंधारात पाहणाऱ्यांना अडथळा होतो.

मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर असते, खालच्या डेकवर जास्त. तरी ज्याला बोट लागत नाही त्याने मागच्या बाल्कनीचा विचार जरूर करावा. तिथे वारा कमी लागतो, बऱ्याच जहाजांवर बाल्कनी ऐसपैस असते आणि मागे सुटत जाणारा पांढरा फेस तासन्‌तास बघत बसता येतो. तोटे दोन: धुराड्याची काजळी कधीकधी खुर्चीवर उतरते, आणि थिएटर पुढच्या टोकाला असेल तर जाता-येता लांबच लांब चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर लिफ्टजवळची केबिन घ्या. पण लिफ्टसमोरची नको. आठ-दहा दारं सोडून आत, आणि शक्यतो आडव्या बोळातली, म्हणजे गप्पांचा आवाज पोचत नाही. शेजारच्या केबिनशी जोडणारं दार असेल तर भिंत जणू अर्धीच. नकाशात त्याची वेगळी खूण असते. एकत्र कुटुंब सोडून इतरांनी ती केबिन टाळावी.

खिडकीतून काय दिसेल

‘अंशतः अडलेलं दृश्य’ याचा अर्थ बहुधा समोर टांगलेली लाइफबोट. कुठे तिचा फक्त माथा खाली दिसतो, कुठे ती सगळी खिडकी व्यापते; त्याच नंबरच्या केबिनचे फोटो शोधून पाहा. काही बोटी किनाऱ्यावर ने-आण करायलाही वापरतात. त्या दिवशी सकाळीच त्या खाली सोडताना खडखडाट होतो. फिरण्याच्या डेकवरची खिडकी असेल तर बाहेरून लोक चालत जातात, म्हणजे पडदा उघडा ठेवणं अवघडच. पायऱ्यांसारख्या बाहेर आलेल्या बाल्कनीत ऊन भरपूर, पण वरच्या मजल्यांवरून सगळं दिसतं. काही खालच्या बाल्कन्यांना काचेऐवजी पोलादी कठडा असतो, तिथे बसल्यावर समुद्र दिसत नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ओएसिस मालिकेतल्या जहाजांवर काही बाल्कन्या आतल्या बागेकडे उघडतात, हेही बुकिंगआधी वाचून घ्या.

डावी की उजवी बाजू, हा प्रश्न एकतर्फी प्रवासातच महत्त्वाचा. व्हँकुव्हरहून अलास्काकडे उत्तरेला जाताना मुख्य भूमी उजवीकडे राहते, परतीच्या दिशेने डावीकडे. अलास्कातल्या ग्लेशियर बे या उपसागरात जहाज हिमनदीसमोर फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. भूमध्य समुद्रात पश्चिमेकडे जाताना दुपारचं ऊन डाव्या बाल्कनीत येतं.

बुकिंगच्या वेळी

‘गॅरंटी’ केबिन स्वस्त पडते, कारण नंबर कंपनी ठरवते. बोट लागत नसेल आणि झोप गाढ असेल तरच ती घ्या. नंबर स्वतः निवडला असेल तर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करून घ्या. नाहीतर वरच्या श्रेणीच्या नावाखाली मधली शांत केबिन जाऊन पूलखालची पदरात पडू शकते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, उंबरठा नसलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि आधी भरतात.

इतकं करूनही केबिन त्रासदायक निघाली तर पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगा. काही प्रवासी शेवटच्या क्षणी येत नाहीत, त्यांच्या केबिन तेव्हाच मोकळ्या झालेल्या असतात. जागा मिळालीच नाही, तर कपाटातले खडखडणारे हँगर टॉवेलात गुंडाळा आणि भिंतीच्या कुरकुरणाऱ्या सांध्यात कागदाची घडी सरकवा; रात्रीचे निम्मे आवाज तिथूनच येत असतात.