मिठागराच्या पाण्यातली एकेक पेशी मोजताना

मे महिन्यात उरणकडच्या मिठागरात शेवटच्या वाफ्यातलं पाणी गुलाबी होतं. हा रंग मीठप्रिय आर्कियांचा, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा. पहिल्यांदा हे पाणी आणलं, तेव्हा सवयीप्रमाणे मी ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये शंभरपट पातळ केलं. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसेना. नमुना खराब निघाला असं समजून बेसिनमध्ये ओतला. मीठ उतरलं की या पेशी फुटतात, हे मला नंतर उमगलं. ती हळहळ अजून जात नाही.

म्हणून आधी त्याच वाफ्याचं बाटलीभर पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ठेवा. पुढे पातळ करायचं ते याच पाण्यानं.

18 मिली नमुन्यात 1 मिली फॉर्मॅलिन (37%; पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण) घाला. हातमोजे घालून, फ्यूम हुडमध्येच (विषारी वाफ ओढून घेणारं कपाट). रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी 5 मिली गाळलेल्या पाण्यात 10 मायक्रोलिटर नमुना टाका, त्यात मिलीला 1 मायक्रोग्रॅम या हिशेबानं डॅपी (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) घाला आणि दहा मिनिटं अंधारात ठेवा. मग हलक्या व्हॅक्यूमवर काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर ओढा, चकचकीत बाजू वर. फिल्टर ओलसर असतानाच सूक्ष्मदर्शकाच्या इमर्शन तेलाचा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवा. वाळू दिलात तर मिठाचे खडे जमतात आणि पेशी त्यांच्याखाली दबतात.

अतिनील प्रकाशात काळ्यावर निळे ठिपके उमटतात. सूक्ष्मदर्शकाच्या जाळीतून किमान वीस चौकटी मोजा, एकाच कोपऱ्यातल्या नकोत. समजा, 100 गुणिले 100 मायक्रॉनच्या चौकटीत सरासरी 30 पेशी आल्या आणि फिल्टरचा वापरातला व्यास 16 मिमी आहे. म्हणजे फिल्टरवर अशा साधारण 20,000 चौकटी आणि 6 लाख पेशी. त्या आल्या 0.01 मिली पाण्यातून, तेव्हा मिलीला 6 कोटी. (फॉर्मॅलिननं झालेली किंचित भर हिशेबात धरा.) नुसतं गाळलेलं पाणी रंगवून त्याचीही मोजणी करा आणि ती वजा करा. हे टाळलंत तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पोषक जेलीच्या प्लेटवर पेशी वाढवून त्यांच्या वसाहती मोजून हा आकडा मिळत नाही. तिथे वाढतात त्याच दिसतात. चौकोनी आर्किया अँथनी वॉल्सबी यांनी 1980 मध्ये सिनाईतल्या खाऱ्या डबक्यात पाहिला, पण प्रयोगशाळेत वाढवायला 2004 उजाडलं. तो दिसतो का हे बघायला थोडं ताजं पाणी, फॉर्मॅलिन न घालता, फेज कॉन्ट्रास्टखाली (न रंगवता पारदर्शक पेशी दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची सोय) जरूर बघा. सरळ कडांचे, टपाल तिकिटासारखे पातळ चौकोन दिसले तर लगेच फोटो काढा.