नवा स्टिरिओ दगा देतोय? डॅश उघडण्याआधीची तयारी

पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या. सेट अजिबात उजळत नाही, की उजळतो पण आवाज वाढवला की बंद पडतो? गाडी बंद केली की घड्याळ आणि लावलेली स्टेशनं विसरतो? की सगळं छान चालतं, पण सकाळी बॅटरी झोपलेली असते? या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि नेमकी कुठली आहे ते ठरल्याशिवाय डॅश उचकटण्यात अर्थ नाही. सेट खराब निघाला असं आधीच गृहीत धरू नका. बहुतेक वेळा दोष सेटच्या मागच्या पिवळ्या, लाल आणि काळ्या अशा तीन वायरींतच सापडतो.

सामान फार लागत नाही. मल्टिमीटर, बारा व्होल्टचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, प्लास्टिकची पट्टी (स्क्रूड्रायव्हरने ट्रिमला, म्हणजे डॅशवरच्या प्लास्टिकच्या चौकटीला, ओरखडे पडतात), त्याच अँपिअरचे दोन-तीन जादा फ्यूज, थोडा सँडपेपर, इन्सुलेशन टेप आणि सेटचा वायरिंगचा कागद. मल्टिमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला, असं मलाही वाटायचं. एकदा सेटच्या पिवळ्या, म्हणजे कायम सप्लायच्या, वायरवर मीटर 12.5 दाखवत होता आणि सेट मात्र मेलेला. अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी लॅम्प लावला, तर तो मिणमिणला. क्रिम्पमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या जोडात, वायरची एकच तार धरलेली होती. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एका तारेवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब ओढतो, म्हणून खोटं उघडं पडतं.

आता बॅटरी. इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 मिळायला हवेत. इथेच आकडा कमी असेल तर स्टिरिओकडे वळूच नका. वायरी कापायच्या-जोडायच्या असतील तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. जुन्या मूळ सेटला कोड लागत असेल तर तो त्याआधी शोधून ठेवा. सेटची पिवळी वायर सोडून पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या (जोडणीच्या सॉकेटच्या) वायरी दिसल्या तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असू शकतात.

सेटच्या बाजूने रंगांची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच: पिवळी म्हणजे कायम बारा व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावर, काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका, तिथे मीटरच खरा. काही फोक्सवॅगन गाड्यांत सॉकेटातल्या पिवळ्या आणि लाल वायरींच्या जागा उलट असतात, आणि स्टेशनं विसरण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं. दोन्ही कायमच्या सप्लायला जोडल्या असतील तर सकाळच्या बॅटरीचं उत्तर मिळालं.

आवाज वाढवल्यावर सेट बंद पडत असेल तर आधी अर्थ बघा. सेट मोठ्या आवाजात चालू ठेवून मीटरचं एक टोक काळ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर स्क्रू रंगावर किंवा गंजावर आवळलाय. तो काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, पुन्हा आवळा. अर्थ ठीक निघाला तर स्पीकरची एखादी वायर बॉडीला टेकली आहे का ते बघा. स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला जोडायची नसते, तसं केलं तर सेट स्वतःला वाचवायला बंद होतो.

सेटच्या पाठीवरचा फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही उडाला तर मोठा घालायचा मोह आवरा. शॉर्ट कुठे आहे ते शोधा, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळेल. निळी-पांढरी वायर अँप्लिफायरला फक्त इशारा देते, तिच्यावरून पंखा-दिवा चालवू नका.

सगळं जमलं तरी ट्रिम लगेच दाबून बसवू नका. गाडी बंद करा, दारं लावा, अर्धा-पाऊण तास थांबा. मग काढलेल्या निगेटिव्ह टर्मिनल आणि केबलच्या मध्ये मीटर दहा अँपिअरच्या सॉकेटवर लावून करंट मोजा. केबल काढताना गाडीची यंत्रणा पुन्हा जागी होते, म्हणून आकडा खाली येईपर्यंत वाट बघा. साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. मीटर असा लावलेला असताना चावी मात्र फिरवू नका.