शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला घेऊन थीम पार्कला जाताय? या चुका टाळा

नाशिककरांची सुट्टीतली थीम पार्कची सहल साधारण दोन दिशांना निघते. एक सिन्नरमार्गे शिर्डीला, तिथल्या वॉटर पार्कला आणि जमलं तर साईदर्शनाला. दुसरी कसारा घाट उतरून खोपोलीच्या इमॅजिकाला, आणि वेळ उरला तर पुढे लोणावळ्याला. दोन्ही वाटांवर शेंगदाणा पावलोपावली भेटतो. चिवड्यात, भेळभत्त्यात, चिक्कीत, ठेच्यात, कोशिंबिरीत तो असतोच, आणि कूट होऊन दिसेनासा होतो तो वेगळाच.

म्हणून सहलच रद्द करा असं मी कुणालाही सांगणार नाही. ही मुलं वर्गातला खाऊ, वाढदिवसाचा केक, देवळातला प्रसाद अशा किती गोष्टींना आधीच मुकलेली असतात. त्यांनी पाळण्यात बसावं, लाटांच्या तलावात डुंबावं, यासाठी आईवडिलांनी थोडी जास्त मेहनत घेतलीच पाहिजे. त्रास होतो तो मुख्यत्वे दोन कारणांनी: मोठी माणसं विचारताना भीड बाळगतात, आणि औषध देताना वाट पाहतात. खालच्या बहुतेक चुका या दोन्हींतूनच निघतात.

“यात शेंगदाणे नाहीत ना?” एवढंच विचारणं

या प्रश्नाला काउंटरवरचा मुलगा “नाही मॅडम” म्हणतो आणि तो खोटंही बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर अख्खा दाणा असतो. ग्रेव्हीतलं वाटण, चटणीतलं कूट, तळणीचं तेल त्याच्या मनातही येत नाही. शिवाय “नाही ना?” असं विचारलं की समोरच्याला “नाही” म्हणणंच सोपं जातं. प्रश्न उलटा करा: “दादा, यात काय काय घालता?” आणि तो गल्ल्यावरच्या माणसाला नव्हे, भटारखान्यातल्या माणसाला विचारा. मग पुढचे तीन प्रश्न. तेल कोणतं? याच कढईत आणखी काय तळता? झारा, सुरी, आइस्क्रीमचा चमचा वेगळा आहे का?

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घोळ होतो. कारखान्यात पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत आणि ॲलर्जी होते ती प्रथिनांमुळेच. घाण्याच्या तेलात मात्र ती उरू शकतात. हल्ली “लाकडी घाण्याचं शुद्ध तेल” ही पाटी अभिमानाने लावलेली हॉटेलं हायवेवर दिसतात. बाकीच्यांना ते तेल पौष्टिक असेल, आपल्या मुलासाठी ते हॉटेल वगळायचं. रिफाइंड तेल चालेल का, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जेवायला साडेअकराच्या सुमारास जा. दुपारी एक वाजता रांग दारापर्यंत आलेली असताना कोणताही आचारी तुमच्याशी पाच मिनिटं बोलू शकत नाही, आणि मागच्या लोकांच्या चुळबुळीने तुम्हीही प्रश्न अर्धवट सोडता.

सोबत एक छापील कार्ड ठेवा, मराठीत आणि हिंदीत, कारण भटारखान्यात बऱ्याचदा परप्रांतातली मुलं असतात. मजकूर छोटा हवा: “या मुलाला शेंगदाण्याची (मूंगफली) तीव्र ॲलर्जी आहे. दाणे, कूट, चटणी, तेल किंवा त्यांना लागलेला चमचा, काहीही चालत नाही. जिवाला धोका आहे. खात्री नसेल तर कृपया ‘देऊ शकत नाही’ असं सांगा.” यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. नकार द्यायची मोकळीक दिली की माणसं खरं बोलतात.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांनी पदार्थांतल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी, असा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे. ती मागायला संकोच नको. पाकीटबंद खाऊवर शेंगदाण्याचा उल्लेख असावाच लागतो. सुट्ट्या फरसाणाला मात्र लेबलच नसतं.

उपवासाचा पदार्थ म्हणजे साधा, सोसणारा, असं समजणं

शिर्डीला गुरुवारी जाणाऱ्या कुटुंबांनी हे नीट ध्यानात घ्यावं. घरातल्या मोठ्यांचा उपवास असतो, टेबलावर साबुदाण्याची खिचडी, वडे, भगर आणि दाण्याची आमटी येते. अख्खं ताट दाण्यांवर उभं असतं. राजगिऱ्याच्या चिक्कीतही दाणे असू शकतात. अशा टेबलावर मुलाला बाजूच्या खुर्चीत वेगळं ताट देऊन भागत नाही. त्याचं जेवण आधी उरकून घ्या, किंवा मोठ्यांनी त्या दिवशी फळं आणि ताक यांवर भागवावं. आजीला हे आदल्या दिवशी घरीच सांगा. ताटावर बसल्यावर सांगितलं की “अगं, एवढंसं तर कूट आहे, आम्ही नाही का वाढवली मुलं” हे ठरलेलं उत्तर येतं आणि सगळ्यांसमोर वाद नको म्हणून सूनबाई गप्प बसते.

प्रसादाचंही तसंच. तो नाकारायचा नाही, कपाळाला लावून आईकडे द्यायचा, हे मुलाला शिकवता येतं. चार-पाच वर्षांचं मूलही “मला चालत नाही, आईला विचारतो” एवढं वाक्य ठामपणे म्हणू शकतं.

पार्कचा विचार करणं आणि बस विसरणं

सोसायटीची किंवा नातेवाइकांची बस सहा वाजता नाशिकमधलं द्वारका सोडते आणि विल्होळी यायच्या आत चिवड्याच्या पुड्या फुटलेल्या असतात. मागच्या सीटवरची प्रेमळ मामी प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी ठेवत पुढे येते. निघण्याआधी बसमध्ये उभं राहून एकदा सगळ्यांना मोठ्याने सांगा: याला कुणीही काहीही द्यायचं नाही, बिस्कीटसुद्धा. ग्रुपवर मेसेज टाकला एवढ्यावर विसंबू नका.

शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने जिवावर बेतणारी रिॲक्शन सहसा होत नाही. खरा धोका तोंडावाटे असतो. म्हणून मुलाला घाबरवायचं नाही, हात तेवढे स्वच्छ ठेवायचे. ते साबण आणि पाण्याने, नाहीतर वाइप्सने पुसून. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन काढत नाही. टेबलाची कडा आणि सीटचा हातही वाइप्सनेच पुसा.

परतीच्या वाटेवर लोणावळ्याची चिक्की घ्यायची असेल तर खोकी बंद राहू द्या आणि डिकीत ठेवा.

डबा नेला आणि गेटवर अडलं

बहुतेक पार्क बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. गेटवर हुज्जत घालून दिवसाची सुरुवात खराब करण्यापेक्षा आठवडाभर आधी ईमेल करा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि परवानगी लेखी मागवा. त्याच ईमेलमध्ये विचारा की प्रथमोपचार कक्ष कुठे आहे, तिथे डॉक्टर असतात का आणि ॲड्रिनलिन (तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन) ठेवलेलं असतं का. उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. डब्यात पोळी-भाजी, दहीभात, घरचे लाडू, जे मुलाला आवडतं ते द्या.

औषध लॉकरमध्ये, नाहीतर गाडीत

वॉटर पार्कमध्ये कपडे बदलताना पर्स, मोबाइल, औषधं सगळं लॉकरमध्ये जातं. मग गरज पडते तेव्हा चावी बाबांच्या मनगटावर आणि बाबा सर्वांत उंच घसरगुंडीच्या रांगेत. औषधाची पिशवी जिथे मूल तिथेच हवी. एक मोठं माणूस राइडवर जाणार नाही, ते पिशवी घेऊन जवळच बसेल, असं आलटून पालटून ठरवा.

ॲड्रिनलिन साधारणपणे २५ अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवायचं असतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते खराब व्हायला वेळ लागत नाही. फ्रीजमध्ये किंवा थेट बर्फाला टेकवूनही ठेवू नका. इन्सुलिन नेण्यासाठी मिळतो तसला उष्णतारोधक पाउच पुरतो. द्रावण पिवळट किंवा तपकिरी दिसलं तर ते टाकून द्या आणि नवं घ्या.

“आधी ॲलर्जीची गोळी देऊ, मग बघू”

या लेखातलं फक्त एकच वाचणार असाल तर हे वाचा.

सेट्रिझिन किंवा एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात. सुजणारा घसा किंवा घसरणारं ब्लड प्रेशर त्याने थांबत नाही. ॲनाफिलॅक्सिसवर, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र रिॲक्शनवर, पहिलं औषध एकच आहे, ॲड्रिनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध स्नायूत द्यायचं असतं. उशीर होतो तसा धोका वाढतो.

परदेशी माहितीत पेनसारखं ऑटो-इंजेक्टर सतत दिसतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून ॲलर्जीतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ बहुधा १ मिलीलीटरमध्ये १ मिलीग्रॅम असलेल्या ॲड्रिनलिनच्या अँप्यूल (काचेच्या छोट्या कुप्या) आणि सिरिंज लिहून देतात. डोस वजनावर ठरतो, किलोला ०.०१ मिलीग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलीलीटर. पण हे गणित पार्कमध्ये उभं राहून करायचं नसतं. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून मिलीलीटरमध्ये लिहून घ्या, सिरिंजवर त्या रेघेला मार्करने खूण करा, आणि त्यांच्यासमोर एकदा साधं पाणी भरून सराव करा. फक्त आईने नाही, सोबत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने.

इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात, मिलीलीटरच्या नाहीत, आणि सुई स्नायूपर्यंत पोचण्याइतकी लांब नसते. अँप्यूल दोन तरी न्या. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा दिसली नाही तर दुसरा डोस लागू शकतो, आणि घाईत एखादी फुटतेही.

द्यायचं कधी? अंगावर गांधी किंवा ओठांवर सूज, आणि सोबत उलट्या, खोकला, घरघर, बसलेला आवाज किंवा एकदम आलेली मरगळ. शेंगदाणा पोटात गेल्याची खात्री किंवा दाट शंका असेल आणि श्वास अडकत असेल किंवा मूल गळून जात असेल, तर अंगावर काहीच दिसत नसतानाही. काही मुलांच्या त्वचेवर पुरळ येतच नाही आणि तिथेच मोठी माणसं फसतात. लहान मूल “श्वास लागतोय” म्हणत नाही. ते म्हणतं, “जीभ टोचतेय”, “घशात काहीतरी अडकलंय”, किंवा एकाएकी मांडीवर येऊन गप्प पडून राहतं. वॉटर पार्कमध्ये सगळीच मुलं खोकत असतात, नाकातोंडात पाणी जातं, म्हणून खाल्ल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत तिथे जास्त लक्ष हवं. शंका असेल तर इंजेक्शन द्या. योग्य डोसने मुलाचं हृदय काही वेळ धडधडेल, हात थरथरतील. ते थोड्या वेळात ओसरतं.

इंजेक्शननंतर मुलाला चालवत नेऊ नका, उभंही करू नका. आडवं झोपवा, पाय थोडे वर. उलटी होत असेल तर कुशीवर. श्वास घेता येत नसेल तर बसू द्या. एकाने १०८ ला फोन करायचा आणि “ॲनाफिलॅक्सिस, लहान मूल, ॲड्रिनलिन दिलं आहे” असं सांगायचं. दुसऱ्याने पार्कच्या माणसांना बोलवायचं. दम्याचा पंप असेल तर तो ॲड्रिनलिननंतर, त्याच्याऐवजी नाही. ज्या मुलांना ॲलर्जीबरोबर दमाही आहे त्यांच्या बाबतीत क्षणभरही रेंगाळू नका, आणि सहलीआधी दमा आटोक्यात आहे ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

बरं वाटलं म्हणून थेट नाशिकचा रस्ता धरणं

इंजेक्शनने मूल दहा मिनिटांत हसायला लागतं, आणि मग वाटतं, आता घरीच जाऊ, उद्या आपल्या डॉक्टरांना दाखवू. असं करू नका. काही मुलांमध्ये लक्षणं काही तासांनी परत उफाळतात. अशा वेळी तुम्ही कसारा घाटात ट्रकांच्या मागे अडकलेले असता किंवा समृद्धी महामार्गावर दोन एक्झिटच्या मधे. जवळच्या रुग्णालयात जा आणि डॉक्टर सांगतील तोवर थांबा. साधारण ४ ते ६ तास निरीक्षणाखाली ठेवतात, रिॲक्शन जोराची असेल तर रात्रभर. चोवीस तास चालणारं, मुलांवर उपचार करणारं रुग्णालय पार्कपासून किती अंतरावर आहे हे निघण्याआधीच बघून फोनमध्ये साठवा. मुक्कामाची सोय असली तर हा निर्णय सोपा जातो. म्हणून खोपोलीची सहल एका दिवसात परत यायच्या बेताने आखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुग्णालयात जाताना खाल्लेल्या पदार्थाचं पाकीट किंवा फोटो, खाल्ल्याची वेळ, पहिलं लक्षण दिसल्याची वेळ आणि इंजेक्शन दिल्याची वेळ कागदावर लिहून न्या. रिकामी अँप्यूलही न्या. आणि वापरलेल्या औषधाच्या जागी नवं त्याच रुग्णालयाच्या मेडिकलमधून, चिठ्ठी घेऊन, बाहेर पडण्याआधी विकत घ्या. परतीचा प्रवास अजून बाकी आहे.