थंडरबर्ड अडला तर नंबर शोधू नका

खानापूर-निपाणीकडे मेल अडकला की पहिला सल्ला ठरलेला, ‘कस्टमर केअरला फोन लाव की!’ थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर तो नंबर शोधूच नका. या फुकट प्रोग्रामला फोनवरची मदत मुळात नाहीच. नेटवर सापडलेला नंबर भामट्याचाच समजा. मदत मिळते मोझिलाच्या (थंडरबर्डमागची संस्था) सपोर्ट साइटवर, बहुतेक स्वयंसेवकांकडून. तिथं ‘मेल येत नाही’ एवढ्यानं भागत नाही (डॉक्टरला नुसतं ‘बरं नाही’ म्हटल्यासारखं ते). एररचा मजकूर जसाच्या तसा द्या, हेल्प मेनूतली ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ जोडा, त्यातला स्वतःचा मेल पत्ता मात्र खोडा. पासवर्ड कुणालाच नाही. जीमेलवाल्यांनी आधी सेटिंगमध्ये आयमॅपचं (सर्व्हरवरून मेल आणायची पद्धत) पोर्ट ९९३ आहे ना, तेवढं बघावं. भामट्याकडे पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावा.