आधी टाचा बघा

आमच्या बेळगावात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यासमोर येतो. त्यामुळं भाच्यानं पुण्याहून फोन करून, “मामी, आईसाठी चांगलं नर्सिंग होम बघा की,” म्हटलं, तेव्हा मी घाबरून विचारलं, “आता आणि काय झालं तिला?” त्याला हवं होतं ते वेगळंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कायमचं ठेवता येईल आणि त्याचं सगळं कुणीतरी करेल, अशी जागा.

वन्सं ७९ वर्षांच्या. साखर जुनी, त्यात गेल्या वर्षी उजव्या अंगाला लकवा मारला. बोलणं तुटक झालं. खानापूर तालुक्यातल्या घरात जवळ कुणी नाही. माझं घर शहापुरात, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद आणि माझे गुडघे त्या जिन्याहून वाईट. मी सरकारी दवाखान्यात ३३ वर्षं सिस्टर होते. तरीही पहिली जागा निवडताना मी फसले.

शहराबाहेरच्या लेआउटमधली नवी इमारत होती. दारात तुळस, आत देवघर, फरशीत तोंड दिसावं अशी स्वच्छता. मॅनेजर गोड बोलले, चहा आला. ऑफिसात अर्धा तास बसलो आणि खोलीत पाच मिनिटं डोकावलो. पाच आठवड्यांनी वन्संना अंघोळ घालायचा मी हट्ट धरला, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली, वर पावडर थापलेली. उजवी टाच काळी पडलेली. दुसऱ्यांच्या आयांच्या पाठी बघण्यात जन्म गेला माझा, आणि घरच्या माणसाची चादर उचलायला पाच आठवडे लागले.

म्हणून जागा बघायला गेलात की आधी टाचा बघा. तुमचं माणूस तिथं अजून नसेल, तर तिथल्या एखाद्या आज्जींशी दोन शब्द बोला, त्यांची परवानगी घ्या आणि पायावरची चादर सरकवा. टाच, घोटा, खुबा, माकडहाड, इथं हाड कातडीला टेकतं आणि रक्त थांबतं. लाल दिसलं तर बोटानं दाबून सोडा. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर जखमेची सुरुवात झालेली आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथं हात फिरवून बघा: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट लागतंय का, रंग काळसर झालाय का. चांगल्या ठिकाणी पोटरीखाली उशी असते आणि टाच अधांतरी असते. एवढी एक उशी दिसली तरी मला त्या जागेबद्दल निम्मं कळतं.

हवेची गादी दाखवून ‘आमच्याकडे सगळं आहे’ म्हणतील. पंप चालू आहे का बघा, पुष्कळदा प्लगच काढलेला असतो. मग गादीखाली, माकडहाडाच्या जागी, तळहात वर करून सरकवा. माणसाचं हाड हाताला टेकलं तर ती गादी असून नसल्यासारखी. आणि गादी कितीही चांगली असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावी लागतेच. रबरी गोल रिंग वापरत असतील तर समजा, शिक्षण जुनं आहे. रिंगेनं कडेची कातडी जास्त दाबली जाते. लाल झालेल्या हाडावर पावडर चोळणं तर त्याहून वाईट. आम्हीही एके काळी चोळायचो, खोटं कशाला बोलू.

कूस बदलल्याचा तक्ता मागा. मी संध्याकाळी साडेपाचला गेले होते आणि त्या दिवसाचा रात्री दहाचा खणही भरलेला होता! सगळ्या सह्या एका पेनाच्या, एका हाताच्या. मॅनेजर म्हणाले, “काम वाचावं म्हणून मुली आधीच भरतात.” मी भाच्याला तिथूनच फोन लावला आणि वन्संचं सामान बांधायला घेतलं.

पुढच्या चार जागा वेगळ्या रीतीनं बघितल्या. पहिल्यांदा वेळ घेऊन जायचं, दुसऱ्यांदा न सांगता. न सांगता जायचं ते सकाळी सहाला नाहीतर रात्रीच्या जेवणाला. रविवार उत्तम. आत शिरताना खोल श्वास घ्या. लघवीचा वास एका खोलीत असेल तर नुकतंच काही झालं असेल, सगळीकडे असेल तर तो मुरलाय. फिनेलचा डोळ्यांत पाणी येण्याइतका वास असेल तर त्याच्या खाली काय दडवलंय ते विचारा.

जेवणाच्या वेळी भरवणारी बाई बसून भरवते की उभ्यानं, एवढंच बघा. उभी असेल तर तिला घाई आहे. लकवा झालेल्या माणसाचा घास चुकून श्वासात जातो, म्हणून त्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या चमच्यानं भरवायचं, आणि पुढचा अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. नाकात नळी असेल तरी भरवताना उशाचा भाग वर हवा. एका ठिकाणी दोन बायका चौदाजणांना भरवत होत्या. त्यांचा दोष नव्हता हो, पण हिशेब तुम्हीच करा.

पाण्याचा पेला कुठं आहे? वन्संच्या उजव्या हाताला. म्हणजे जो हात हलत नाही त्याच्याकडे! पाच आठवडे तो पेला रोज भरला जात होता आणि रोज तसाच ओतून दिला जात होता. जीभ कोरडी, लघवी गडद चहासारखी, तरी ‘पाणी ठेवतो की आम्ही’. लघवीची नळी असलेल्यांची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी.

वजनाची वही असते का विचारा. ५० किलोचं माणूस महिन्यात अडीच किलो उतरलं तर डॉक्टरनं बघायला हवं. उभं राहता न येणाऱ्यांचं वजन करायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते. मग बांगडीवर लक्ष ठेवा. मनगटावर बसणारी बांगडी कोपराकडे सरकायला लागली की वही लागत नाही.

आता भाषेचं. इथं सेवेला असतात त्या मुली कुणी बैलहोंगलची, कुणी नंदगडची, कुणी गोकाककडची. बेळगावच्या माणसाला दोन्ही भाषा येतात असं आपण गृहीत धरतो, पण मेंदूला मार बसला की कधी कधी माणसाला पहिली भाषाच तेवढी उरते. वन्संना एरवी बाजारापुरतं कानडी छान यायचं. आता ‘नीर बेकु’सुद्धा आठवत नाही, ‘पानी’ एवढंच येतं, तेही अर्धवट. म्हणून प्रत्येक पाळीत, रात्रीच्यासुद्धा, मराठी समजणारं एकतरी माणूस आहे का, हे मी नाव घेऊन विचारते. सीमाप्रश्न आपला आपण बाहेर ठेवू, वन्संना तहान लागलेली असते. मी मोठ्या अक्षरांत कागद करून त्यांच्या उशाशी चिकटवलाय: पाणी – नीरु, जेवण – ऊट, दुखतंय – नोवु, पुरे – साकु. कानडी शब्द कानडी लिपीत, शेजारी चित्र. ‘आज्जी’ला भाषांतर लागत नाही, ती दोन्हीकडे आज्जीच.

दुपारी चारला सगळा हॉल गाढ झोपलेला असेल तर मला ते शांत वातावरण वाटत नाही. कुणाकुणाला झोपेची किंवा गुंगीची गोळी चालू आहे, कुठल्या डॉक्टरनं लिहिली, ते विचारा आणि चिठ्ठी बघा. इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे का, आणि इन्सुलिन टोचल्यावर ताट किती वेळानं येतं, हेही. टोचलं आणि जेवण लांबलं की साखर उतरते, माणूस घामाघूम होतं, बरळतं, आणि बघणारे म्हणतात म्हातारपण आहे.

पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी इथं ‘सिस्टर’ असते. शिकलेली नर्स किती, तिची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे सरळ विचारावं. मला राग येत नाही, कुठल्याच खऱ्या नर्सला येणार नाही. रात्री किती खाटांमागे किती माणसं जागी असतात? मध्यरात्री दम लागला तर १०८ ला फोन कोण करतं, सोबत कोण जातं, घरच्यांना कधी कळवतात? याची उत्तरं मॅनेजरकडून घ्या, आणि मग तेच प्रश्न रात्रपाळीच्या बाईला विचारा. तिला ‘आक्का, किती दिवस झाले इथं?’ असंही विचारा. सगळ्याच तीन महिन्यांच्या आत लागलेल्या असतील तर जुन्या का गेल्या, ते शोधा.

कागदपत्रांचं थोडक्यात. जिथं उपचार होतात त्या खासगी जागेला कर्नाटक खासगी वैद्यकीय संस्था कायदा, २००७ खाली नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागा. नुसत्या वृद्धाश्रमाचं तसं नसतं, आणि कित्येक आश्रम चालत्याफिरत्या माणसालाच घेतात. पुढं खाटेला खिळली तर ठेवाल का, हे लिहून घ्या. करार कानडीत किंवा इंग्रजीत असेल तर कळणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरची फेरी वेगळी लावतात का तेही बघा. आणि घर-शेत नावावर करून ‘आम्ही सांभाळतो’ म्हणणारे नातेवाईक भेटले तर २००७ चाच ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, न सांभाळल्यास, त्याच्या २३ व्या कलमाखाली परत मागता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

शेवटी टिळकवाडीच्या बाजूला एक जागा घेतली. फरशी साधी, दोन ठिकाणी तडकलेली. जुलैच्या पावसात भिंतीला ओल येते, त्यावरून माझं आणि चालकांचं एकदा वाजलंही. भाच्याला व्हिडिओ कॉलवर ती ओल दिसली आणि तो म्हणाला, “मामी, पहिली जागा दिसायला बरी होती.”

परवा मी न सांगता गेले. तीन वाजले होते. तक्त्यावर तीनचा खण रिकामा होता. मी काही बोलले नाही, खुर्ची ओढून बसले. तीन वाजून सात मिनिटांनी ती मुलगी पदराला हात पुसत आली, “आज्जी, इकडं वळायचं हं,” म्हणत वन्संना डाव्या कुशीवर केलं, पोटरीखालची उशी सारखी केली, आणि मग खिशातून पेन काढलं.